मुंबईत राहणाऱ्या साध्या माणसांचे चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण महिन्यातून एक चित्रपट दाखवतो. अट एकच, गोष्ट मुंबईत राबून पोट भरणाऱ्या माणसाची हवी. त्यावरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकदाचे लिहून ठेवले आहेत. कुठल्याही चित्रपटाचा शेवट फोडलेला नाही.

१. "साध्या माणसाचा मुंबईपट" म्हणजे नेमका कुठला? मुंबईत शूटिंग झालेलं काहीही चालेल का?

नाही चालणार. आमची कसोटी घरगुती आहे. चित्रपट संपल्यावर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : हा माणूस कमावतो कसा, झोपतो कुठे आणि कामावर जातो कशाने. नायकाचा धंदा काय हे शेवटपर्यंत कळत नसेल आणि त्याच्या खिडकीतून कायम समुद्र दिसत असेल, तर तो बाद. 'द लंचबॉक्स' (२०१३) बघा. इरफान खानचा फर्नांडिस क्लेम्स विभागात फायली उपसतो, निवृत्तीला आलाय, गर्दीच्या गाडीतून उभ्याने येतो-जातो. डब्यातल्या चिठ्ठ्यांची गोष्ट गोड आहेच, पण ती खरी वाटते ती या बारीकसारीक तपशिलांमुळे.

२. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'पासून (१९७६). बसस्टॉपवरचं प्रेम, बुजरा कारकून अमोल पालेकर आणि स्कूटर घेऊन आडवा येणारा असरानी. मग 'घरौंदा' (१९७७), म्हणजे त्याच पालेकरला त्याच शहरात किती वेगळ्या हवेत ठेवता येतं ते दिसेल. तिसरा सई परांजपे यांचा 'कथा' (१९८३).

मराठीतूनच सुरुवात करायची असेल तर 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि 'डोंबिवली फास्ट' (२००५). चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) अप्रतिम आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, तरी तो पहिला बघू नका. त्याची चाल मुद्दाम संथ आहे. आमच्या हॉलमध्ये मध्यंतरात सात जण चहाला गेले ते परत आलेच नाहीत.

३. मुंबई मराठी माणसांची म्हणतो, मग मराठी चित्रपटांत ती इतकी कमी का दिसते?

कारण मराठी चित्रपट मुंबईत वाढलाच नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला हे खरं, पण बोलपट आल्यावर मराठीचं बिऱ्हाड कोल्हापूर-पुण्याला होतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढे 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा तमाशापट तुफान चालला आणि पाटील, फड आणि तमाशा यांचं राज्य आलं. मुंबईतले स्टुडिओ तोवर हिंदीचे झाले होते.

मराठी लेखक मात्र मुंबईवर लिहीतच होते. मग झालं असं की त्यांची मुंबई हिंदीच्या दारातून पडद्यावर आली. 'चक्र' (१९८१) जयवंत दळवींच्या कादंबरीवरून, 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून. त्यातली चक्रव्यूहाची कविता दिलीप चित्रे यांची. 'कथा'मागेही मराठी नाटकच आहे. त्यामुळे हे चित्रपट हिंदीच्या खात्यात टाकून "आपल्याकडे मुंबईपट नाहीत" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

४. या सगळ्या चित्रपटांत घराचंच रडगाणं का? माणसाला दुसरी स्वप्नं नसतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुधा पुण्या-नाशिकहून येतो. मुंबईकराला तो पडत नाही. आपल्याकडे घराला "जागा" म्हणतात यातच सगळं आलं. मुलगी बघायला गेलेल्या मुलाला विचारतात, "जागा आहे का?" आणि कुणी फ्लॅट घेतला की म्हणतो, "जागा केली." बाकीची सगळी स्वप्नं त्या जागेच्या पलीकडे रांगेत उभी असतात.

चित्रपट ओळीने लावून बघा. 'श्री ४२०'मध्ये (१९५५) फुटपाथवरच्या लोकांना १०० रुपयांत घर देण्याची योजना निघते. योजना कशी असणार हे नावातच आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'शहर और सपना'मध्ये (१९६३) एक जोडपं पाण्याच्या मोठ्या पाइपात संसार मांडतं. 'मुंबईचा जावई'मध्ये खोली आहे, पण तीत अख्खं कुटुंब आहे, आणि नव्या जोडप्याला दार लावून बसायला जागा नाही. 'घरौंदा'मध्ये एकाच ऑफिसातले दोघं पै-पै साठवून ब्लॉक (फ्लॅट) बुक करतात आणि बिल्डर पैसे बुडवतो. त्यानंतर म्हातारा, आजारी मालक (श्रीराम लागू) मुलीला मागणी घालतो. त्यावर तिचा प्रियकर तिला जे सुचवतो, तो हिंदी चित्रपटातला सर्वांत लाजिरवाणा आणि सर्वांत खरा क्षण आहे असं मला वाटतं. खलनायक शोधायला गेलात तर हाती फक्त घराच्या किमती लागतात.

सईद मिर्झा यांच्या 'मोहन जोशी हाजिर हो!'मध्ये (१९८४) म्हातारा-म्हातारी मोडकळलेल्या चाळीची दुरुस्ती करा म्हणून मालकाला कोर्टात खेचतात. मालक दुरुस्ती का करत नाही? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळालं ते हवंच होतं, पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक गिलावा कशाला करेल? इमारत पडली तर त्याला जमीन मोकळी मिळते. हे गणित माहीत असेल तर त्या चित्रपटातला प्रत्येक विनोद थोडा कडू लागतो.

समीर विद्वांस यांचा 'डबल सीट' (२०१५) बघताना मात्र मी चरकलो. नवं लग्न, चाळीतली खोली, घरात सगळी माणसं, स्वतःच्या ब्लॉकची आस. 'मुंबईचा जावई'नंतर ४५ वर्षांनी तीच खोली.

५. चाळ, झोपडपट्टी, ब्लॉक, वाडी... हिंदी चित्रपटवाले सगळं एकच दाखवतात का?

चांगले दिग्दर्शक नाही दाखवत. चाळ म्हणजे पक्की इमारत, एका ओळीत खोल्या, पुढे सामायिक गॅलरी, मजल्याच्या टोकाला संडास. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, पोटमाळा आणि सहा-आठ माणसं. ब्लॉक म्हणजे संडास-बाथरूम आत. "सेल्फ कंटेन्ड" या दोन शब्दांसाठी लोकांनी आयुष्यं घातली आहेत. झोपडपट्टीत मुळात जमिनीचाच प्रश्न, म्हणून तिथल्या चित्रपटांत पाडापाडीची भीती सतत असते ('चक्र', 'धारावी').

पडद्यावर फरक गॅलरीने ओळखा. 'कथा'मध्ये ती गॅलरी म्हणजे रंगमंचच आहे. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचा डबा रिकामा परतला, सगळं सगळ्यांना दिसतं. फारूख शेखचा बाशू लोकांना गुंडाळू शकतो तोही याच उघडेपणामुळे.

६. समुद्राच्या शहरातल्या गोष्टी आहेत, मग समुद्र कुठे आहे?

बारकाईने पाहा, तो खोली नसलेल्यांसाठी येतो. मरीन ड्राइव्हचा कठडा, दादर चौपाटी, बँडस्टँडचे खडक ही जोडप्यांची बैठकीची खोली आहे. पाठ शहराकडे केली की झाला एकांत. म्हणून चौथ्या प्रश्नातलं घराचं रडगाणं आणि समुद्रकाठची गाणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

पायल कपाडिया यांनी 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये (२०२४) हे उलटं करून दाखवलं. मुंबईत राबणाऱ्या तिघी जणी शहर सोडून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातात तेव्हा कुठे त्यांना समुद्र निवांत मिळतो. मुंबईत तो असून नसल्यासारखा होता.

७. लोकलवरचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता?

'बातों बातों में' (१९७९) म्हणणारे आणि 'डोंबिवली फास्ट' म्हणणारे असे दोन तट आहेत. पहिल्यात वांद्र्याच्या गाडीत ओळख होते आणि प्रेम जमतं. समोरासमोर बसायला जागा मिळते हेच आजच्या पोरांना विज्ञानकथा वाटतं. दुसऱ्यात, म्हणजे निशिकांत कामत यांच्या चित्रपटात, बँकेत नोकरी करणारा माधव आपटे (संदीप कुलकर्णी) रोजच्या छोट्या लाचलुचपतीला आणि बेपर्वाईला विटतो आणि एक दिवस त्याचा ताबा सुटतो. त्याचं वागणं बरोबर की चूक यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. मला तो शेवटी शेवटी भीतिदायक वाटतो, नायक नाही. पण सुरुवातीची ती काही मिनिटं, गजर-डबा-गाडी-बँक-गाडी-घर, हे एका कापडाचे तुकडे जोडावेत तसं जोडलेलं संकलन कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगतं. कामत यांनीच पुढे तो तमिळमध्येही केला.

८. गिरणी कामगारांवर काय बघू?

दोन चित्रपट, आणि क्रम महत्त्वाचा. आधी सई परांजपे यांचा 'दिशा' (१९९०), मग महेश मांजरेकर यांचा 'लालबाग परळ' (२०१०).

'दिशा'मध्ये गिरणी हे स्वप्न आहे. दुष्काळी गावातली माणसं मुंबईला येतात, गाळ्यात पाळीपाळीने झोपतात, आणि गावात मागे राहिलेला एक जण विहीर खणत बसतो. 'लालबाग परळ'मध्ये ते स्वप्न संपलंय. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. चित्रपट एका घराची गोष्ट सांगतो. बापाची नोकरी गेल्यावर पोरं कुठे कुठे गेली याची. जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकावर तो बेतलाय. माझ्या मते नाटक जास्त खोल आहे, चित्रपटात मारामारी वाढली. तरी शेजारणींच्या उधार-उसनवारीचे प्रसंग चुकवू नका.

९. बाहेरून आलेल्यांच्या गोष्टी या यादीत धरता का?

धरतो म्हणजे काय, त्यांच्याशिवाय यादीच नाही. कोकणातला चाकरमानी तरी कुठे इथला होता? मुझफ्फर अली यांच्या 'गमन'मध्ये (१९७८) उत्तर प्रदेशातून आलेला फारूख शेख टॅक्सी चालवतो आणि गावी आई आणि बायको (स्मिता पाटील) वाट बघत असतात. तिकिटाचे पैसे जमतात आणि खर्च होतात. सुरेश वाडकरांनी गायलेलं "सीने में जलन" याच चित्रपटातलं. जयदेव यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे गाणं लोक प्रेमभंगाचं समजून ऐकतात. ते टॅक्सीच्या काचेतून दिसणाऱ्या शहराबद्दल आहे.

'सलाम बॉम्बे!'मधल्या (१९८८) चायपावला घरी परतायला ५०० रुपये हवे असतात. एवढ्या स्पष्ट आकड्याचं स्वप्न दुसऱ्या चित्रपटात सापडणार नाही.

उलट दिशेची गोष्ट हवी असेल तर 'ताऱ्यांचे बेट' (२०११). कोकणातल्या पोराला मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात राहायचंय आणि बाप (सचिन खेडेकर) शब्द देऊन बसतो. मुंबई चार दिवस पाहायला येणाऱ्यांचं हे स्वप्नही मी यादीत धरतो, नियमात बसत नसलं तरी.

१०. बायकांच्या नजरेतून मुंबई दाखवणारे कुठले?

'चक्र'मधली स्मिता पाटीलची अम्मा, तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कोर्ट'मधली सरकारी वकील. कोर्टात ती माणूस आत टाकायला निघालेली असते आणि पुढच्या दृश्यात लोकलमध्ये रोजच्या गप्पा मारते, पोराला आणते, स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णीने ही भूमिका जरासुद्धा सहानुभूती न मागता केली आहे. रोहेना गेरा यांचा 'सर' (२०१८), घरकाम करणाऱ्या रत्नाला शिवणकाम शिकून डिझायनर व्हायचंय. आणि रवी जाधव यांचा 'न्यूड' (२०१८), जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणारी आई.

सहाव्या प्रश्नातल्या पायल कपाडियांच्या चित्रपटातली छाया कदम यांची पार्वती इथे पुन्हा आठवते. बिल्डर टॉवर बांधतोय, नवरा गेला, आणि इतकी वर्षं राहिलेल्या घराचा एक कागद तिच्या नावाचा नाही. मल्याळी, हिंदी आणि मराठी एकाच हॉस्पिटलात ऐकू येतात. चित्रपटाला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला याची चर्चा फार झाली, त्या नसलेल्या कागदाची झाली नाही.

११. 'सत्या' का नाही? त्यात तर खरी मुंबई आहे.

'सत्या' (१९९८) मलाही आवडतो. पण पहिल्या प्रश्नातली कसोटी लावा. त्यातला गुंड भिकू म्हात्रे कामावर कसा जातो? अर्धा चित्रपट मात्र बसतो. शेजारच्या खोलीतली विद्या (उर्मिला मातोंडकर), तिचं गायिका होण्याचं स्वप्न आणि संगीतकारांच्या दारातल्या फेऱ्या, तेवढं आम्ही मान्य करतो. 'अर्धसत्य'मधला सब-इन्स्पेक्टर मात्र पूर्ण आत. तो पगारी माणूस आहे.

१२. 'मुंबईचा जावई' हा 'पिया का घर'चा रिमेक आहे ना?

उलटं. राजा ठाकूर यांचा मराठी चित्रपट १९७० चा, बासू चटर्जींचा हिंदी १९७२ चा. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची "प्रथम तुज पाहता" आणि "का रे दुरावा" ही गाणी मराठीतली. गाणी सगळ्यांना पाठ, चित्रपट फारसा कुणी पाहिलेला नसतो. दोन्ही पाहिलेत तर मराठीतलं घर जास्त गजबजलेलं वाटतं.

१३. काही चित्रपटांत बॉम्बे, काहींत मुंबई. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं. मराठीत ती आधीही मुंबईच होती.

१४. झोपडपट्टी दाखवून परदेशात पुरस्कार मिळवायचे, हा धंदा नाही का?

काही वेळा आहे. पण सरसकट म्हणू नये. मी एवढंच पाहतो : पात्रांना एकमेकांशी हसायला, भांडायला, हिशेब करायला वेळ दिलाय का, की ती फक्त बघणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून उभी आहेत? 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये (२००८) मला वेग दिसतो, शेजार दिसत नाही. सुधीर मिश्रा यांच्या 'धारावी'मध्ये (१९९२) ओम पुरीचा टॅक्सीवाला कारखाना काढायचं स्वप्न बघतो, उधारी करतो, चुकतो, बायकोवर ओरडतो. त्याची कीव येत नाही, राग येतो. मला ते बरं वाटतं. 'सलाम बॉम्बे!'ची बाजू अशी की त्या चित्रपटाच्या निमित्ताने रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि तो काम करत राहिला.

१५. मुलांना बरोबर घेऊन कुठले बघता येतील?

'कथा', 'छोटी सी बात', 'बातों बातों में', 'ताऱ्यांचे बेट' बिनधास्त. 'सलाम बॉम्बे!'मध्ये लहान मुलं असली तरी तो लहान मुलांसाठी नाही. वेश्यावस्ती आणि नशा दोन्ही आहे. रवी जाधव यांचा चाळीतला 'बालक-पालक' (२०१३) वयात येणाऱ्या मुलांबरोबर जरूर बघा, आधी एकटे बघून मग. नव्या चित्रपटांवर आता युए (म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली) ७+, १३+, १६+ अशी वयोगटाची खूण असते. जुन्यांवर नसते, तिथे स्वतःच ठरवा.

१६. हे मिळतात कुठे?

हक्क हलत राहतात, म्हणून इथे पत्ते देत नाही. एक युक्ती सांगतो. 'सलाम बॉम्बे!', 'सलीम लंगडे पे मत रो', 'धारावी', 'द लंचबॉक्स' या सगळ्यांत एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) पैसा आहे, त्यामुळे त्या नावाने शोधलं तर एकातून दुसरा सापडतो. रस्त्यावर मिळणाऱ्या प्रती घेऊ नका. 'गमन'च्या एका प्रतीत आमच्याकडे शेवटची वीस मिनिटं नव्हतीच.

१७. 'अशी ही बनवाबनवी' यादीत का नाही? आणि दुसऱ्या किनारी शहरांचं काय?

कारण ती भाड्याची खोली पुण्यात आहे, आणि पुण्याला समुद्र नाही. लोक तरीही दर वेळी भांडतात. दुसऱ्या शहरांतला एकच सुचवतो : राजीव रवी यांचा मल्याळम 'अन्नयुम रसूलुम' (२०१३). कोचीतला टॅक्सीवाला, बोटीने कामाला जाणारी दुकानातली मुलगी. लोकलच्या जागी बोट ठेवली की आपलीच गोष्ट.

१८. चित्रपटांत दिसलेल्या जागा आज जाऊन बघता येतील का?

थोड्याच. 'छोटी सी बात'मधलं जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झालाय, चिमणी तेवढी दिसते. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे ब्लॉक आहेत. वरळीत काही कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्याही मिळाल्या. उरलेल्या चाळी बघायच्या असतील तर लवकर जा, रविवारी दुपारी नको, आणि जिन्यात फोटो काढण्याआधी विचारा. तिथे अजून माणसं राहतात.